हौसेरावांचे पेट्रिकोला

तळवलीच्या देवजी मढवींकडे मासा दाखवायला जायचं तर मन घट्ट करूनच जावं. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत ज्यांच्या घरी काचेच्या टाकीत आफ्रिकेतले मिशीवाले मासे आहेत, त्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. माणूस बादली घेऊन मोठ्या उत्साहाने येतो आणि पाच मिनिटांनी तीच बादली घेऊन निमूट परत जातो. फोटो पाठवून विचारलेलं देवजींना चालत नाही. "फोटोवरून लग्नं जमतात, मासे नाय," असं म्हणून ते फोन ठेवतात.

या माशांचं घराणंच मोठं खोडकर. पुस्तकात त्यांना सायनोडोंटिस म्हणतात. आफ्रिकेतल्या नद्या-तळ्यांत त्यांच्या शंभराहून जास्त जाती आहेत, आणि त्यातल्या डझनभर फिरत फिरत आपल्याकडच्या दुकानांत येतात. एक पोट वर करून पोहतो, एकाच्या पाठीवरचा पर पंख्यासारखा उभा राहतो, बाकीचे सगळे ठिपकेवाले. लहानपणी हे ठिपकेवाले सगळे एकसारखे दिसतात. दुकानदार काचेवर जे नाव लिहील ते त्यांचं नाव. त्यात परदेशातल्या मत्स्यशाळांत दोन जातींचे नर-मादी औषधाच्या सुया टोचून जमवतात आणि तिसरंच काहीतरी जन्माला घालतात. त्याला शिकलेले लोक हायब्रीड म्हणतात. देवजी भेसळ म्हणतात, आणि तो शब्द असा उच्चारतात की समोरच्याला आपणच दुधात पाणी घातल्यासारखं वाटतं.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. बायकोच्या जुन्या सुती साडीचा तुकडा पाण्यात भिजवायचा, त्यात मासा अलगद धरायचा, पाठीचा काटा दोन बोटांच्या बेचक्यात, बाजूचे दोन काटे मोकळे. मासा रागावून काटे घासतो आणि कर्र कर्र असा आवाज करतो. देवजी तो आवाज ऐकून घेतात, मग मिशांना किती फाटे आहेत ते बघतात, कल्ल्यामागच्या खांद्याच्या हाडाचं टोक बोटाने चाचपतात, डोळा बघतात, मासा परत पाण्यात सोडतात आणि एक शब्द बोलतात. त्या शब्दावर अपील नाही. ऐरोलीच्या पोपट कोळेकर नावाच्या बँकवाल्या गृहस्थांनी एकदा हुज्जत घातली होती. देवजींनी त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी परत तोच शब्द सांगितला. कोळेकरांनी पुढच्या महिन्यात टाकी विकून टाकली.

हे धरणं त्यांना वडिलांनी शिकवलं. वडील शेती करत आणि भरतीच्या वेळा सांभाळून खाडीत जाळं लावत. जाळ्यात चिवणी येई. चिवणी ही आगऱ्यांच्या घरातली लाडकी मासळी, पण तिचा काटा लागला की मोठा माणूससुद्धा आईच्या नावाने ओरडतो. तेव्हा ओल्या फडक्यात ती कशी धरायची हे तळवलीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येई. पुढे शेतं गेली, त्यांच्या जागी रस्ते आणि इमारती आल्या. देवजी जवळच्या पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात लागले. तिथे एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. गिऱ्हाइकाने पाठवलेला कापडाचा तुकडा आणि कारखान्यात रंगवलेला तुकडा खिडकीशी शेजारी शेजारी धरायचे आणि दोन्ही एक आहेत की नाहीत ते सांगायचं. साहेब लोक होय म्हणायचे तेव्हा देवजी नाही म्हणायचे, आणि आठ दिवसांनी गिऱ्हाइकाचं पत्र यायचं, ते देवजींच्या बाजूने. अशा माणसाला निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवत नाही. खालच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने न देता त्यांनी तिथे नऊ टाक्या मांडल्या. पुतळाबाई, म्हणजे त्यांची बायको, त्या खोलीला दवाखाना म्हणते.

हौसेराव शेडगे त्यांना भेटले ते तुर्भ्याच्या एका मासेवाल्याच्या दुकानात. काचेमागे उलटा पोहणारा एकच मासा उरला होता आणि दोघांनी एकदम त्याच्याकडे बोट दाखवलं. हौसेराव साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. माणूस दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडे. दिवसभर पाठीवर पोती वाहायची आणि संध्याकाळी कोपरखैरण्याच्या आपल्या बैठ्या घरात टाकीसमोर पाट टाकून बसायचं, हा त्यांचा नेम. का, म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचे, "हितं कायबी उचलाय लागत न्हाय." तो उलटा मासा शेवटी त्यांनी देवजींना घेऊ दिला, आणि अट घातली की दर रविवारी घरी येऊन त्याची खबर सांगायची. देवजी सतरा वर्षं दर रविवारी गेले. मासा पाचव्या वर्षीच मेला होता, पण तोवर खबर सांगण्याची दोघांनाही सवय लागली होती.

हौसेरावांनाही माशांतलं कळत होतं, पण देवजींइतकं नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. ते कधी बोलून दाखवायचं नाही, एवढं सभ्यपण दोघांत होतं. दुसरा कोणी असता तर देवजींनी त्याचा मासा बघून तोंडावर निकाल दिला असता. हौसेरावांच्या टाकीकडे मात्र ते पाहुण्यासारखे बघत. चांगलंय म्हणत आणि चहा पीत.

तर एके दिवशी हौसेराव सात मासे घेऊन तळवलीला आले. पेट्रिकोला. टांगानिका नावाच्या तळ्यातली ही जात, तपकिरी अंगावर काळे ठिपके आणि काळ्या परांना पांढरी किनार. त्या काळात ती इकडे कोणी बघितलेली नव्हती. देवजींनीही फक्त पुस्तकात बघितली होती, तीही एका कुशीवरून. हौसेरावांनी ती तीन वर्षांपूर्वी मिळवली होती आणि त्याबद्दल रविवारच्या रविवारी छाती फुगवून बोलत असत. आता सातही मासे त्यांनी पाण्यासकट देवजींपुढे ठेवले. "मूत्रपिंडाचं दुखनं लागलंय. माझ्याच्यानं आता पानी बदलनं हुत न्हाय. हे तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, देवजीराव," ते म्हणाले. दोन पिल्लं त्यांनी घरी ठेवली होती, बायकोला करमावं म्हणून.

इथे देवजींचा हात साडीच्या तुकड्याकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. आजारी मित्र आपल्या जिवाची वस्तू देतो आहे आणि आपण त्याच्यादेखत ती उलटीपालटी करून बघायची, हे त्यांच्या हातून होईना. धर्माची गाय अन् दात का नाय, म्हणतात ते काही खोटं नाही. त्यातून या जातीचे तर शास्त्रज्ञ खरोखरच खालच्या जबड्याचे दात मोजतात. देवजींनी काहीच मोजलं नाही. सातही मासे हलक्या हाताने टाकीत सोडले, काचेवर नाव लिहिलं, पेट्रिकोला, आणि खाली लिहिलं, हौसेराव शेडगे यांजकडून. हौसेराव खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. मग उठून गेले.

तीन वर्षांनी हौसेराव वारले. त्यानंतर तर तो मासा हातात धरून तपासायचा म्हणजे मेलेल्या माणसावर पोलीस घालण्यातला प्रकार झाला असता. टाकी धुताना देवजी त्यांना जाळीने उचलत आणि जाळीनेच ठेवत.

मासे मात्र हौसेरावांसारखेच दणकट निघाले. त्यांनी मातीच्या कुंडीत अंडी घातली, पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. देवजींनी ती कोणालाही विकली नाहीत. ज्याची टाकी नीट दिसे त्याला पाच-सहा पिल्लं देत आणि सोबत स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी देत, 'पेट्रिकोला, असली. मूळ हौसेराव शेडगे. दे. मढवी.' अशा चिठ्ठ्या नवी मुंबईतल्या चाळीसेक घरांत टाकीवर चिकटवलेल्या आहेत. लोक त्या देवाच्या तसबिरीसारख्या जपतात.

आता या पिल्लांत काहींचे ठिपके बारीक निघत आणि काहींचे मोठे. दुसऱ्याच्या टाकीत असं दिसलं असतं तर देवजींनी दारातूनच निकाल सांगितला असता. स्वतःच्या टाकीपुढे उभे राहून ते म्हणत, आपल्याकडचं पाणी जड आहे. कधी म्हणत, खाण्याचा फरक. एकतीस वर्षं दोन तुकड्यांतला केसाएवढा फरक ज्याने सोडला नाही त्या माणसाची ही कारणं. आपला तो बाब्या, याला शिकलेला-न शिकलेला कोणी अपवाद नसतो.

आठ वर्षांपूर्वी खारघरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या राजलक्ष्मी घोरपडे त्यांच्याकडे पाच मासे घेऊन आल्या. बाईंनी ते बंगळुरूहून मागवले होते, पेट्रिकोला म्हणून. देवजींनी एकेक हातात धरला. डोळे बारीक, पोट गळ्यापर्यंत ठिपक्यांनी भरलेलं. आपल्या टाकीतल्या माशांकडे बघितलं, त्यांचे डोळे टपोरे. "भेसळ," देवजी म्हणाले. बाईंचा चेहरा उतरला, पण त्या कोळेकरांसारख्या चिडल्या नाहीत. त्यांनी ते मासे एका दुकानात देऊन टाकले आणि पुढच्या आठवड्यात वही घेऊन हजर झाल्या. म्हणाल्या, "काका, मला शिकवा." देवजींनी शिकवलं. त्यांना 'मॅडम' म्हणायचं की 'पोरी' हे देवजींचं अजून ठरलेलं नाही, ते दोन्ही म्हणतात.

यंदा राजलक्ष्मीबाईंनी एक काम काढलं. मासे पाळणाऱ्यांच्या मंडळातर्फे वाशीला प्रदर्शन होतं, त्यासाठी मराठीत ओळखतक्ता करायचा. आफ्रिकेतल्या बारा जाती, प्रत्येकीचे फोटो, काय बघायचं त्याचे मुद्दे. छापून पाचशे घरांत आणि दुकानांत लावायचा, म्हणजे दुकानदाराच्या तोंडाकडे बघायची वेळ कोणावर येणार नाही. पेट्रिकोलाचे फोटो अर्थात देवजींच्या माशांचे, आणि खाली ओळ, 'मूळ मासे : कै. हौसेराव शेडगे, कोपरखैरणे'. ही ओळ देवजींनी स्वतः सांगितली होती. त्या ओळीसाठी त्यांनी विजयमालावहिनींना, म्हणजे हौसेरावांच्या बायकोला, फोनही केला होता. तक्ता सोमवारी छापायला जाणार होता.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बाई कॅमेरा घेऊन आल्या. अंगणात उन्हाने डोळे दिपत होते. त्यांनी तक्त्याचा कच्चा कागद खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, "काका, एकेक मुद्दा दिसेल असा फोटो हवा. आधी पोट. मासा जरा उताणा धरा ना."

देवजींनी ओला तुकडा घेतला आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांतला एक मासा हातात धरला. मासा कर्र कर्र करू लागला. बाई कॅमेऱ्यात डोळा घालून बोटाने काहीतरी फिरवत होत्या आणि पाठ केल्यासारखं म्हणत होत्या, "पोटावर गळ्यापर्यंत ठिपके. डोळा लहान. परदेशातल्या शास्त्रज्ञांच्या लेखातून घेतलंय, हे दोन सगळ्यात महत्त्वाचे."

देवजींच्या हातातलं पोट पांढरं होतं. मधे दोन-चार ठिपके, चुकून पडलेले वाटावेत असे. डोळा वाटाण्याएवढा. तो डोळा आणि ते पोट कोणाचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्याच तळ्यात दुसरी एक ठिपकेवाली जात राहते, ती आपली अंडी दुसऱ्या माशाच्या अंड्यांत मिसळून देते आणि तो बिचारा मासा ती आपली समजून तोंडात सांभाळतो. देवजींच्या हातात अर्धी ती जात होती आणि अर्धा पेट्रिकोला.

"आज उजेड नाय," देवजी म्हणाले.

बाईंनी कॅमेऱ्यातून डोळा काढून आभाळाकडे बघितलं. मग देवजींकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसाला उन्हाचा त्रास होत असेल असं समजून त्या उद्या येते म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी देवजींनी उरलेले सगळे मासे तपासले. हौसेरावांच्या सातातले चार उरले होते, चौघांचीही पोटं पांढरी. पिल्लं सव्वीस, त्यांतली काही या अंगाला झुकलेली, काही त्या. आपलं पाणी जड नव्हतं आणि खाण्यातही काही खोट नव्हती. खुर्चीवर बसून ते बराच वेळ त्या टाकीकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटत होती. कोळेकरांची टाकी आठवली, राजलक्ष्मीबाईंचे पाच मासे आठवले, बारीक डोळ्यांचे, भरल्या पोटाचे. ते असली होते. खोट्या मापाने खरा माल मोजून त्यांनी तो दारातून परत पाठवला होता.

पुतळाबाईने जेवायला हाक मारली, ते गेले आणि भात चिवडत बसले. तिने विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग सांगून टाका. त्यात काय? तुमी लोकांना सांगतावच ना?"

"माझा नाय ग. माझा मी बघीन," देवजी म्हणाले. "हौसेरावचा नाव हाय त्यावं."

अडचण सगळी एवढीच होती. आपली चूक झाली हे सांगायला देवजींना फार जड गेलं नसतं. तोंड कडू झालं असतं आणि महिनाभराने सवय झाली असती. पण तेरा वर्षं ते चाळीस घरांना सांगत आले होते की हा ठेवा हौसेरावांचा. भेसळ म्हटलं की तीही हौसेरावांचीच. पोती वाहणाऱ्या माणसाचं नाव कुठल्या पाटीवर लागत नाही. हे एक नाव लागणार होतं, तेही देवजींच्या तोंडून पुसायचं, आणि तो माणूस बोलायला हयात नाही. बरं, गप्प बसावं तर पाचशे तक्ते छापून पाचशे जागी लागणार आणि प्रत्येक खऱ्या पेट्रिकोलाला लोक भेसळ म्हणणार. त्या रात्री देवजी सारखे उठत होते, टाकीपर्यंत जात होते आणि परत येत होते. पुतळाबाई म्हणाली, दवाखान्यात डॉक्टरच आजारी पडला.

शनिवारी राजलक्ष्मीबाई कॅमेरा घेऊन पुन्हा आल्या. देवजींनी त्यांना कॅमेरा काढूच दिला नाही. मासा ओल्या फडक्यात धरला, उताणा केला आणि त्यांच्यापुढे धरला.  बाई शिकवणाऱ्या होत्या, त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. त्या बघत राहिल्या. मासा पाण्यात गेल्यावर त्या म्हणाल्या, "काका, मग माझे होते ते?"

"असली होते," देवजी म्हणाले. "मी चुकलो, मॅडम."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "आठ वर्षं मी मुलांना सांगतेय की मी कशी फसले," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी कागद उघडला, पेट्रिकोलाच्या चौकोनावर पेन्सिलने काट मारली आणि म्हणाल्या, "फोटो मी बंगळुरूहून मागवते. सोमवारपर्यंत होईल. तुमचे मासे भेसळीच्या चौकोनात टाकू, भेसळ कशी ओळखावी म्हणून. तसा चौकोन हवाच होता. पण काका, हौसेरावांची ओळ? ती काढायची की ठेवायची? भेसळीखाली त्यांचं नाव घालायचं म्हणजे..."

"उद्या सांगतो," देवजी म्हणाले.

रविवारी ते कोपरखैरण्याला गेले. हौसेराव गेल्यापासून त्यांचं दर रविवारी जाणं राहिलं नव्हतं, पण दिवाळी-पाडव्याला ते जात. विजयमालावहिनी आता एकट्याच असतात, मुलगा पुण्याला. बाहेरच्या खोलीत टाकी अजून आहे. त्यात हौसेरावांनी मागे ठेवलेल्या दोन पिल्लांतलं एक उरलंय, आता चांगलं वीतभर झालेलं. हौसेरावांचा पाटही टाकीसमोर तसाच आहे, त्यावर वहिनींनी धुतलेले कपडे घडी करून ठेवले होते. त्या सांडगे वाळत घालायच्या कामात होत्या, हात पुसत आत आल्या.

"या भावजी. आज सठीसामासी वाट चुकलासा?"

देवजी बसले. चहा आला. वाटेत मनात जुळवलेलं सगळं ते एका घोटात विसरून गेले. शेवटी म्हणाले, "वैनी, हौसेरावनी ते मासे मना दिले ना, सात..."

"दिलं न्हवतं त्येनी," वहिनी म्हणाल्या. "तपासाय पाठिवलं हुतं."

देवजींनी कप खाली ठेवला.

"तुमाला ठावं न्हाय? मला वाटलं, तुमा दोघांचं काय ते आपसात झालं आसंल. आवं, त्येंला कुटल्यातरी दुकानदारानं सांगितलं, तुजा माल मिसळीचा हाय. तवाधरनं ह्येंच्या जिवाला घोर. तीन वर्सं तुमच्याम्होरं एवढ्या बढाया मारलेल्या, आता इचारायचं कुटल्या तोंडानं? मला म्हनले, देवजीला देऊन टाकतो. त्याच्या हातात मासा गेला की त्यो बगितल्याबिगर आन् सांगितल्याबिगर ऱ्हायाचा न्हाय. मूत्रपिंडाचं काय, ते तर हुतंच. पर पानी बदलाय मी हुते की."

 त्या दिवशी खुर्चीत बसून देवजींच्या हातांकडे बघत राहिलेले हौसेराव त्यांना आठवले. ते कशाची वाट बघत होते हे तेरा वर्षांनी त्यांना कळत होतं.

वहिनी सहज बोलत होत्या, जुन्या गोष्टी बोलाव्यात तशा. "मग दर आयतवारी तुमी याचासा. तुमी गेलासा की मला इचारायचं, देवजी काय बोलला का गं माशाचं? मी म्हनायची, न्हाय बा. असं चार-सा आयतवार झालं. मग एक दिस आपलं आपुनच म्हनलं, म्हंजी असलीच हायती. खोटी असती तर त्यो मानूस गप बसलाच नसता. आन् मग बगा, जी झोप लागली त्येंला. पुन्यांदा कधी इचारलं न्हाय. जातानाबी त्या टाकीकडं बगून हसलं हुतं."

बाहेरून कोणीतरी वहिनींना सांडग्यांवर कावळा बसल्याचं सांगितलं, त्या उठून त्याला हुसकून आल्या. तेवढ्यात देवजींना निघून जाता आलं असतं. वहिनी खूश होत्या, हौसेराव खुशीत गेले होते, आणि तक्त्यातली ओळ कोणी न विचारता गुपचूप काढता आली असती. पण मासा त्यांच्या हातात येऊन गेला होता. हौसेरावांनी त्यांच्याबद्दल जे बोलून ठेवलं होतं ते आता खरं करायला हवं होतं. ऋण फेडायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

वहिनी येऊन बसल्या. "मग, कशापायी आला हुतासा?"

"वैनी, ते भेसळ हायत," देवजी म्हणाले. "सगले. मी तवा बगितलेच नव्हते. हौसेरावचे हायत म्हनून हात लावला नाय. परवा बगितले."

 निकाल द्यायला त्यांना एवढे शब्द कधी लागत नसत. वहिनींनी टाकीकडे बघितलं. तो वीतभर मासा कुंडीच्या तोंडाशी मिशा हलवत पडला होता. देवजी उठायच्या बेतात आले.

"तक्त्यावं त्यांचा नाव लिवायचा होता," देवजी म्हणाले. "आता भेसळीखाली येल. तुमी बोलाल तसा. काढाला सांगू?"

"काढू नका," वहिनी म्हणाल्या. "मिसळीचं तर मिसळीचं. तेरा वर्सं जगवलंसा, चाळीस घरात ग्येलं. त्येंचंच हायती की." आणि मग, पदराने डोळे न पुसता, तशाच, "तुमी तवा बगितलं न्हाय, लई बरं केलंसा."

 देवजींचा चहा निवला होता, तो त्यांनी तसाच प्यायला.